लाल टॅग आणि गव्हाणी

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिला रविवार उजाडला की माझी मुलं आपापल्या वस्तू मोजायला लागतात. चर्चमधून परत आलो, जेवणं झाली, की त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पप्पा, पत्र्याच्या पेटीतून लाल पुठ्ठ्याच्या टॅगांचा जुडगा काढतात, चष्मा पुसतात आणि हात मागे बांधून घरभर फिरायला लागतात. वर्षभरात कुणी हात न लावलेली, जागच्या जागी नसलेली, येण्याजाण्याच्या वाटेत पडलेली, जी वस्तू दिसेल तिला सुतळीने टॅग बांधतात. टॅग लागलेली वस्तू बाल्कनीच्या कोपऱ्यात जाते आणि चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत तिथे थांबते. तोवर सोडवून नेली तर नेली, नाहीतर ती घराबाहेर पडते आणि ज्याच्या उपयोगाची असेल त्याला मिळते. रडून, रुसून, आईकडे वशिला लावून काही होत नाही, कारण आईला म्हणजे मला पसाऱ्याचा मनापासून राग आहे.

ही रीत आम्हाला पाळकांनी शिकवलेली नाही. पप्पा नगरकडच्या एका खेड्यातून तरुणपणी पिंपरीला आले आणि एका कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झाले. मी शाळेत असताना त्यांच्या कारखान्यात जपानी पद्धतीच्या आवराआवरीचं वारं आलं. फाइव्ह एस म्हणायचे त्याला. ज्याचं काम नाही त्याला लाल टॅग लावून बाजूला काढा, ज्याचं काम आहे त्याला ठरलेली जागा द्या, त्या जागेभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारा. कामगारांनी आधी टिंगल केली, मग त्यांना सवय झाली. पप्पांच्या मात्र ते असं अंगात भिनलं की एका डिसेंबरात ते थोडे टॅग घेऊन संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत शिरले आणि पहिला टॅग माझ्या बाहुलीच्या गळ्यात पडला. आई करंज्यांचं पीठ मळत होती. तिने मान वर करून सांगितलं, “अहो, हे घर आहे. इथली सुपरवायझर मी आहे.”

तरी आईने टॅग बंद पाडले नाहीत, त्यांना वळण लावलं. मुलांनी आवरून जी जागा मोकळी केली असेल तिथेच यंदाची बाळ येशूची गव्हाणी मांडायची, असं तिने ठरवून टाकलं. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून ज्या बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवावं लागलं, त्याला आपल्या घरात तरी कुणीतरी जागा करून द्यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यामुळे आमची लाकडी गव्हाणी कधी शिलाई मशिनवर बसली, कधी पुस्तकांच्या फळीवर. एका वर्षी मी आवरायचा इतका आळस केला की ती पाण्याच्या पिंपामागे मांडावी लागली, आणि नाताळच्या भेटीला आलेला प्रत्येक माणूस वाकून वाकून बघत होता. आई सगळ्यांना गोड आवाजात सांगत होती की यंदा एवढीच जागा झाली. पुढच्या वर्षी मी टॅग निघायच्या आधीच दप्तरसुद्धा आवरून ठेवलं.

टॅग सोडवायचा नियम पप्पांचा. वस्तू का हवी आहे हे ते विचारत नाहीत, कारण का हवी आहे हे सांगायला मुलं वस्ताद असतात. ते एवढंच म्हणतात, “ठिवायची हाय? मग जागा दाखव.” जागा दाखवायची म्हणजे खरोखर मोकळी करून दाखवायची. ती वस्तू तिथे ठेवल्यावर कुणाला ठेच लागता कामा नये, दार पूर्ण उघडलं पाहिजे, आणि ती रोज तिथेच सापडली पाहिजे. पटलं तर ते मान हलवतात आणि ज्याने जागा दाखवली त्याने आपल्या हाताने टॅग सोडायचा. पुढे माझं लग्न झालं, पिंपळे गुरवला आम्ही फ्लॅट घेतला, मुलं झाली, आणि दर वर्षी त्या रविवारी आई-पप्पा टॅगांचा जुडगा घेऊन आमच्याकडे यायला लागले. माझा नवराही चाकणच्या कंपनीत कामाला असल्यामुळे त्याला यात काही नवल वाटलं नाही. तो फक्त म्हणाला, “ऑडिट घरीपण आलं म्हणायचं.”

धाकट्या मुलाचं बरं आहे, त्याला चार मोटारी मिळाल्या की जग मिळतं. माझी खरी लढाई थोरलीशी. ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्या हातून काही सुटत नाही. तुटलेले स्केट्स, शंख, रिकाम्या अत्तराच्या बाटल्या, मैत्रिणींच्या लग्नपत्रिकांवरचे गणपती... मैत्रिणींच्या म्हणजे मैत्रिणींच्या मावश्यांच्या. टॅग लागला की ती सगळं उचलून बेडखाली सरकवायची आणि म्हणायची, “ही बघा जागा.” पप्पा गुडघे धरून वाकायचे, बेडखाली टॉर्च मारायचे आणि म्हणायचे, “खाली सरकवलं म्हंजी जागा झाली नाय बाळा. ते लपवणं झालं.”

तिच्या पसाऱ्यातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे खोक्याचं घर. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा त्याच्या खोक्याचं घर तिने आणि माझ्या आईने मिळून केलं. आईने दार कापलं, खिडक्या रंगवल्या, खिडकीत झेंडूची कुंडी काढली, कारण तिला दुसरं कुठलं फूल काढता येत नव्हतं. ते घर मुलांच्या खोलीतली एक अख्खी भिंत अडवून उभं राहिलं. दर वर्षी पप्पा त्याला टॅग लावत आणि दर वर्षी थोरली आत बसून पुस्तक वाचत म्हणे, “जागा हीच आहे, आणि मी रोज वापरते.” नियमाला धरूनच होतं ते. मला त्या खोक्याला ठेचकाळत कपाट उघडावं लागायचं, पण नियम म्हणजे नियम.

मग आई गेली. त्या घरात बसून वाचायचं थोरलीचं वयही सरलं, गुडघे बाहेर यायला लागले. पण त्या खोक्याला हात लावायची गोष्ट मी काढली नाही आणि पप्पांनीही त्या वर्षी त्याला टॅग लावला नाही. ते त्याच्या बाजूने नुसते निघून गेले.

यंदा ईस्टरनंतर पप्पा आमच्याकडेच राहायला आले. संत तुकाराम नगरचं घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावरचं, आणि जिन्यात ते एकदा पडले. येताना त्यांनी फार काही आणलं नाही. पत्र्याची पेटी, आईने शिवलेली गोधडी आणि लोखंडी कॉट. कॉट हॉलमध्ये लावली. दुसरीकडे लावणार कुठे? एक आमची खोली, एक मुलांची, आणि मुलांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. हॉलमध्ये सोफा आणि कॉट समोरासमोर आल्यावर मध्ये एक बोळ उरला. आम्ही सगळे त्या बोळातून आडवे होऊन जायला शिकलो. नवरा तिसऱ्या शिफ्टवरून सकाळी आला की पप्पांची झोपमोड नको म्हणून बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात जायचा आणि ओट्याशी उभ्यानेच चहा प्यायचा. पप्पांना झोप नसायचीच. ते डोळे मिटून पडून राहायचे, म्हणजे जावयाला वाटावं की ते झोपलेत. एकमेकांना जपण्याच्या नादात घरात कुणी धड बसत नव्हतं.

यंदाच्या त्या रविवारी पप्पांनी मुलांची खोली केली, आमची केली, माझ्या न वापरलेल्या मिक्सरला टॅग लावून माझा पाणउतारा केला, आणि शेवटी हॉलमध्ये येऊन आपल्या कॉटच्या पायाला टॅग बांधला. गाठ दोनदा ओढून पक्की केली.

मला वाटलं, त्यांना कॉट नकोशी झाली असेल. लोखंडी, जुनी, रात्री कुरकुरते. मी खूश झाले. संध्याकाळी मी फोनवर घडीच्या पलंगांचे फोटो बघत नवऱ्याला दाखवत होते, की हा दिवसा भिंतीला लावता येईल, हॉल कसा मोकळा होईल, यंदा गव्हाणी हॉलमध्ये मांडता येईल. थोरली अभ्यासाचं पुस्तक पुढे घेऊन बसली होती. ती म्हणाली, “आजोबा, कॉट गेली तर तुम्ही कुठे झोपणार?”

“गावाकडं,” पप्पा म्हणाले. “धाकट्या भावाकडं. बोलणं झालंय माझं. नव्या वर्षाची उपासना झाली की निघतो.”

मी फोन बाजूला ठेवला. मी म्हटलं, “पप्पा, हे काय काढलंत? कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“कोण बोलंल? समदे जपतेत, तेच तर.” ते शांतपणे शेंगदाणे सोलत होते. “जावई रात्रभर राबून येतेत आन त्यांना घरात बसायची चोरी. मला दिसतं की. कॉट वाटंत हाय. वाटंत आसंल त्याला टॅग. नियम समद्यांला सारखा.”

“मी म्हणते राहू दे. ठेवायची आहे मला कॉट.”

“मग जागा दाखव,” पप्पा म्हणाले.

आणि मला दाखवता येईना. मी म्हटलं, हॉल आहे. ते म्हणाले, हॉल ही वाट हाय. मी म्हटलं, सोफा काढून टाकते. ते म्हणाले, नाताळला चर्चची मंडळी गायला येतील, त्यांना काय उभं ठेवणार? नवरा म्हणाला, आमच्या खोलीत लावू. पप्पा नुसते हसले. वर्षानुवर्षं मी मुलांच्या तोंडावर फेकलेला नियम त्या संध्याकाळी माझ्या पुढ्यात येऊन बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला, पप्पांचा, त्या कारखान्याचा, बिल्डरचा, ज्यांनी या खोल्यांना खोल्या म्हटलं त्या सगळ्यांचा.

पुढचे दिवस मी चिडूनच काढले. टेप घेऊन मी हॉल मोजला, आमची खोली मोजली, बाल्कनीसुद्धा मोजली. बाल्कनी मोजताना पप्पांनी पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र नेहमीसारखे होते. नाताळच्या चांदणीची वायर जोडून दिली, बल्ब बदलला, करंज्यांना मुरड घालत बसले. गावी हवा चांगली, तिथल्या चर्चला आता नवीन छप्पर घातलंय, असं अधूनमधून सांगत होते. माणूस जायचं ठरवून इतकं निवांत कसं राहू शकतो ते मला कळत नव्हतं.

आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी राहिली त्या घरच्या काकू तळमजल्यावर राहतात. त्यांच्या मागच्या अंगणात अजून दोन म्हशी आहेत आणि गव्हाणीसाठी गवत आम्ही दर वर्षी त्यांच्याकडून आणतो. मी थोरलीला घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेंढी काढून दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “मग, औंदा बाळ कुठं निजवनार?”

“अजून ठरलं नाही,” मी म्हटलं.

“आन आजोबा गावाला चाललं म्हनं. व्हय?” काकू थोरलीकडे बघत म्हणाल्या. “येवढी मोठी बिल्डिंग बांधली मेल्यांनी आमच्या रानात, आन म्हाताऱ्या मानसाला एक खाट न्हाई मावत हाय व्हय गं तिच्यात?”

मला ते झोंबलं. थोरलीने पेंढी उचलली. जिना चढताना गवताची एक एक काडी पायऱ्यांवर सांडत गेली तरी मी तिला ओरडले नाही, इतकं माझं लक्ष उडालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. आतून ओढाताणीचे आवाज यायचे. मग एक एक वस्तू बाहेर येऊन बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागली. स्केट्स आले, बाटल्या आल्या, शंखांचा डबा आला. तिने स्वतःच्या हाताने टॅग लावले होते. धाकट्याला तिने कामाला जुंपलं होतं आणि तोही मोटारींचा एक डबा जड हाताने ठेवून गेला. नवऱ्याकडून तिने पिवळ्या टेपचा रोल मागवून घेतला. कशाला विचारलं तर म्हणाली, शाळेचा प्रोजेक्ट. हे उत्तर आमच्या घरात सगळ्याला चालतं.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, यंदा पोरीला अक्कल आली, गव्हाणीसाठी जागा करते आहे. एवढ्या वाईट डिसेंबरात तेवढं तरी चांगलं घडतंय. मी केकचं मिश्रण डब्यांत घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला देऊन आले, आणि तिथे रांगेत उभी असताना मला आईची अशी आठवण आली की माझा नंबर कधी आला ते कळलं नाही. आई असती तर तिने पप्पांना एका वाक्यात गप्प बसवलं असतं. सुपरवायझर मी आहे, म्हणाली असती. मला ते वाक्य म्हणता येत नव्हतं, कारण पप्पांपुढे मी अजून ती टॅग लागलेल्या बाहुलीची मालकीणच होते.

चोवीस तारखेच्या दुपारी पप्पा बाल्कनीत आले. कोपऱ्यातल्या वस्तू पिशव्यांत भरल्या. मग हॉलमध्ये येऊन त्यांनी कॉटवरची गादी गुंडाळायला घेतली. कॉट न्यायला टेंपोवाला संध्याकाळी येणार होता; गावी निघेपर्यंत सोफ्यावर निजेन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात थोरलीने दार उघडलं आणि म्हणाली, “आजोबा, थांबा. मला जागा दाखवायची आहे.”

आम्ही सगळे तिच्या मागून गेलो. खोली ओळखू येत नव्हती. मुलांचा बेड खिडकीकडे सरकला होता, दप्तरं खिळ्यांना अडकवली होती, आणि जिथे खोक्याचं घर असायचं ती भिंत रिकामी होती. खाली फरशीवर पिवळ्या टेपने एक मोठी चौकट आखलेली होती. मी मूर्खासारखं म्हटलं, “एवढी मोठी? गव्हाणी केवढीशी आहे.”

“गव्हाणीची नाही,” ती म्हणाली. “कॉटची आहे. मी कॉट मोजून घेतली. दार पूर्ण उघडतं. बाबांना हॉलमध्ये बसता येईल. आणि आजोबा रोज इथेच सापडतील.”

पप्पा दारातच उभे होते. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा चौकटीकडे पाहिलं.

“घर कुठाय?” त्यांनी विचारलं.

“हे काय.” तिने भिंतीला टेकवलेला सपाट पुठ्ठा दाखवला. तिने खोक्याचे जोड सोडवून त्याची घडी केली होती. वरच्या बाजूला आईची खिडकी होती, झेंडूची कुंडी होती. “म्हणून पट्टी भिंतीपासून थोडी अलीकडे मारली. कॉटच्या मागे ते उभं राहील. तिथून दिसणार नाही, पण असेल.”

पप्पा चौकटीपाशी गेले आणि एका हाताने भिंत धरून हळूहळू उकिडवे बसले. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत. त्यांनी चौकटीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा काटकोनात नाय,” ते म्हणाले. “टेप आण.”

तिने रोल दिला. त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं, ती सरळ केली, पुन्हा दाबून बसवली, आणि मग पुढच्या कोपऱ्याकडे सरकले. आपल्या जागेची पट्टी ते आपल्या हाताने बसवत होते. नवरा हळूच हॉलमध्ये गेला आणि मला ऐकू आलं, की तो टेंपोवाल्याला फोनवर सांगत होता, “नको भावा, राहू दे. गरज नाही आता.” थोरली त्याच्या मागून गेली, कॉटच्या पायाशी बसली आणि ती दोनदा ओढलेली गाठ दातांनी सोडवायला लागली.

ती टॅग हातात घेऊन परत आली तेव्हा धाकटा गव्हाणी पोटाशी धरून उभा होता. त्याच्या सगळ्या अंगाला काकूंच्या म्हशींचं गवत लागलं होतं. त्याने विचारलं, “मग बाळ कुठे निजवायचं? आता जागाच नाही उरली.”

थोरलीने जरा विचार केला. “आजोबांच्या कॉटखाली,” ती म्हणाली.

“खाली सरकवलं म्हंजी जागा...” पप्पा सवयीने म्हणाले आणि थांबले. ते अजून खालीच बसले होते, हातात टेप होती. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, गव्हाणीकडे पाहिलं, आणि भिंतीपाशी टेकलेल्या त्या झेंडूच्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. “औंदाच्याला चालंल.” आणि गव्हाणीसाठीही एक छोटी चौकट आखायला त्यांनी टेपचा तुकडा दातांनी तोडला.